जिल्ह्याची रेघ आणि रिसोडची वाट



गावाचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे देवळे, संतांच्या समाध्या, लढाया आणि जुनी घराणी ह्यांची आठवण प्रथम होते. ती होणे स्वाभाविकच आहे. परंतु आज आम्ही त्या वाटेने जाणार नाही. आम्हांला एक अगदी साधा, संसारी प्रश्न विचारावयाचा आहे. रिसोडच्या माणसाचे सरकारदरबारी मोठे काम निघाले, जमिनीचा तंटा उभा राहिला किंवा दुष्काळात सारामाफीचा अर्ज करण्याची वेळ आली, तर त्याने जावयाचे कोठे?

ह्या प्रश्नाचे उत्तर १८५३ पासून आजवर चार वेळा बदलले आहे. पहिले ठाणे हिंगोलीस होते. मग ते अकोल्यास गेले, तेथून वाशीमला आले, पुन्हा अकोल्यास गेले आणि शेवटी पुन्हा वाशीमला परतले. रिसोड होते तेथेच आहे. पैनगंगेचे खोरेही हललेले नाही. हलली ती कचेरी. ती का हलली, कोणी हलविली आणि त्यात गावच्या माणसाला काही विचारले गेले काय, हे पाहणे हाच आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. जिल्हा, तालुका आणि तहसील हे तिन्ही शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे आपल्याकडे आले. जिल्हा म्हणजे मुळात बाजू किंवा बरगडी. तालुका म्हणजे संबंध, एखाद्याच्या ताब्यातील गोष्ट. तहसील म्हणजे वसुली. ह्या शब्दांतच जुन्या राज्यकर्त्यांची नजर उघडी पडते. मुलुखाचे तुकडे पाडावयाचे ते कोणाच्या ताब्यात काय आणि त्यातून वसूल किती, ह्या हिशेबाने. रयतेला कोठले ठाणे जवळ पडेल, हा विचार त्यात असलाच तर अगदी शेवटी.

आपल्या भागातील अशा विभागणीचा एक फार जुना पुरावा वाशीमलाच सापडला. १९३९ साली तेथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती ह्याचा ताम्रपट मिळाला. आजचे वाशीम म्हणजे त्या काळचे वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. राजाने आपल्या कारकीर्दीच्या सदतिसाव्या वर्षी एक गाव दान दिले, त्याचा हा पट. काही भाग संस्कृतात, काही प्राकृतात. दान दिलेल्या गावाचा ठिकाणा सांगताना त्यात ‘नान्दीकट’ प्रदेशाच्या उत्तरेकडील ‘मार्गा’चा उल्लेख आहे. नान्दीकट म्हणजे आजचे नांदेड, असे विद्वान मानतात. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात कारभाराच्या विभागाला येथे ‘मार्ग’ म्हणत, म्हणजे वाट! आम्हांला हा शब्द फार अर्थपूर्ण वाटतो. विभाग म्हणजे कुंपण नव्हे, विभाग म्हणजे वाट. ती वाट त्या वेळी वत्सगुल्माकडे जात होती आणि नांदेडचा भागही त्याच कारभारात मोडत होता. आज ज्याला आपण विदर्भ आणि मराठवाडा म्हणतो, त्यांच्यामधील रेघ तेव्हा आजच्यासारखी नव्हती.

पुढे बहामनी राज्यात मुलुखाचे चार तर्फ पडले. वऱ्हाड हा त्यांतील एक. तर्फदार म्हणजे जवळजवळ लहानसा राजाच. वसूल त्याच्या हाती, फौज त्याच्या हाती, किल्लेही त्याच्याच हाती. महमूद गवान ह्या दूरदर्शी वजिराने हा धोका ओळखला. त्याने चारांचे आठ तर्फ केले. वऱ्हाडचे दोन भाग झाले, एक गाविलगडचा आणि दुसरा माहूरचा. तर्फदारांचे पंख कापणे हाच त्यामागील हेतू होता. दुखावलेल्या सरदारांनी कारस्थान रचले आणि १४८१ साली सुलतानाने आपल्या ह्या वजिराचा शिरच्छेद करविला. श्रोतेहो, सीमा बदलणे हे किती जोखमीचे काम आहे, हे ह्या एका उदाहरणावरून दिसेल. गवानानंतर थोड्याच वर्षांत फत्तेउल्ला इमादुल्मुल्क ह्याने वऱ्हाडात स्वतंत्र इमादशाही उभारली. म्हणजे गवानाला जे टाळावयाचे होते, तेच घडले.

१५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड घेतले आणि १५९६ साली ते अकबराच्या हाती गेले. मोगलांची पद्धत काटेकोर होती. राज्याचे सुभे, सुभ्याची सरकारे आणि सरकाराचे परगणे अशी ती उतरंड. अबुल फजलाच्या ‘ऐने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे. तीत गाविल, नरनाळा, माहूर आणि मेहकर ह्यांच्याबरोबर ‘बाशीम’ हेही एक सरकार आहे. वाशीम हे कारभाराचे ठाणे म्हणून चारशेहून अधिक वर्षे कागदोपत्री नोंदलेले आहे, ते असे. परगण्यात देशमुख आणि देशपांडे, गावात पाटील आणि पटवारी. वरचे राज्य बदलले तरी ही खालची घडी बरीचशी तशीच राहिली. रयतेला बादशहा कधी दिसला नाही. दिसला तो पाटील.

मोगलांनंतर वऱ्हाडात दुअमली आली. एकाच गावाच्या उत्पन्नावर निजामाचा हक्क आणि नागपूरकर भोसल्यांचाही. एका बैलाला दोन मालक मिळाले म्हणजे वैरणीला दोघांपैकी कोणीच येत नाही, दावे ओढावयास मात्र दोघेही हजर! १८०३ साली अडगाव आणि गाविलगड येथे भोसल्यांचा पराभव झाला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा हक्क त्यांनी सोडला आणि तो निजामाच्या पदरी पडला. दुअमली संपली, पण रयतेचे भोग संपले नाहीत. निजामाची तिजोरी रिकामी होती, म्हणून वसुलीचे हक्क सावकारांकडे तारण पडू लागले. १८४० च्या आसपास हैदराबादच्या पेस्तनजींच्या पेढीकडे वऱ्हाडातील मोठी वसुली होती. म्हणजे कारभाराचा विभाग हा एखाद्या दागिन्यासारखा गहाण ठेवण्याचा जिन्नस झाला होता.

शेवटी मुलूखच गहाण पडला. २१ मे १८५३ च्या तहाने हैदराबादच्या तैनाती फौजेच्या खर्चासाठी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. सार्वभौमत्व निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही चमत्कारिक रचना होती. इंग्रजांनी प्रथम वऱ्हाडचे दोन भाग पाडले. उत्तर वऱ्हाडचे ठाणे बुलढाण्यास आणि दक्षिण वऱ्हाडचे हिंगोलीस. हिंगोलीस फौजेची छावणी होती, म्हणून कचेरीही तेथेच. सत्तावन्नच्या उठावानंतर हिंगोली आणि आसपासचा मुलूख निजामाकडे परत गेला आणि वऱ्हाडचे नवे दोन भाग झाले. पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावती, पश्चिम वऱ्हाडचे अकोला.

ह्या दोन भागांतून मग एकेक जिल्हा फुटत गेला. १८६४ साली बुलढाणा आणि यवतमाळ हे जिल्हे निघाले, त्यांची आरंभीची नावे निराळी होती. १८६७ साली एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, वेगळे झाले. आणि १८७५ साली वाशीमला पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला. त्यात तीन तालुके होते : वाशीम, मंगरूळ आणि पुसद. रिसोड वाशीम तालुक्यात मोडत असे. क्षेत्रफळ २,९४९ चौरस मैल.

ह्या जिल्ह्याला भूगोलाचा आधार होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. वऱ्हाडचे निसर्गानेच तीन भाग केले आहेत. उत्तरेस मेळघाट, मध्ये पूर्णा नदीचे काळे सपाट खोरे ते पायनघाट, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगांवरचा उंच मुलूख तो बालाघाट. आपण बालाघाटचे. अकोला पायनघाटातले. दोहोंमध्ये पातूरचा घाट. वाशीमचा जिल्हा हा बालाघाटच्या लोकांचा जिल्हा होता. तो कोणा मुत्सद्द्याने रयतेच्या प्रेमाने आखला, असे आमचे म्हणणे नाही. पण रेघ आणि जमीन ह्यांचा मेळ त्यात बसला होता खरा.

तो तीस वर्षे टिकला. १९०२ साली इंग्रजांनी निजामाशी नवा करार केला आणि वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमचे पट्ट्याने घेतले. १ ऑक्टोबर १९०३ पासून ते मध्यप्रांताला जोडले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९०५ मध्ये, वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले. एलिचपूर अमरावतीत विरघळले. वाशीम जिल्हा मोडला. वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे गेले आणि पुसद यवतमाळकडे. त्याच फेरफारात मूर्तिजापूर तालुका, त्यातील कारंज्यासह, अमरावतीतून अकोल्यात आला. खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात गेले. पाटावरची सोंगटी हलवावी तसे तालुके हलले.

वेळ कोणती होती, तेही पाहा. १८९९-१९०० चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. १८९१ ते १९०१ ह्या दहा वर्षांत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या शेकडा अकराने घटली. १९०१ च्या शिरगणतीत ती ३,५३,४१० भरली. ज्या मुलुखाला त्या वेळी कचेरीची सर्वांत जास्त गरज होती, त्याच मुलुखातून कचेरी उठली. रिसोडहून वाशीम ४०-४५ किलोमीटर, म्हणजे बैलगाडीने दिवसाभराची वाट. रिसोडहून अकोला सुमारे १०० किलोमीटर, आणि मध्ये घाट. वाशीमला तेव्हा रूळ पोचलेले नव्हते. कुळाने अर्ज घेऊन डिप्टी कमिशनरच्या कचेरीत जावयाचे म्हणजे जाऊन-येऊन आठवडा, वर बैलांचा चारा, गाडीवानाची भाकरी आणि धर्मशाळेतला मुक्काम. साहेब दौऱ्यावर गेला असेल तर हा सगळा खर्च मातीत. न्याय मिळतच नव्हता असे आम्ही म्हणत नाही. तो महाग झाला होता. आणि महाग झालेला न्याय ज्याच्या गाठीला पैसा असतो त्यालाच परवडतो.

दक्षिणेकडे तर दुसरेच राज्य होते. हिंगोली भागातील बाजार आपल्याला जवळचे, सोयरिकी तिकडच्या, बोली जवळपास तीच. पण पलीकडे निजामाचा अंमल, हाली शिक्क्याचे चलन आणि करोडगिरीचे नाके. रिसोड हे असे नेहमी काठावरचे गाव राहिले. प्रांताच्या काठावर आणि जिल्ह्याच्याही काठावर. काठावरच्या गावाची एक अडचण असते. नकाशा काढणारा मध्यापासून सुरुवात करतो. काठापर्यंत येता येता त्याची शाई वाळते.

स्वातंत्र्य आल्यावर ही स्थिती कशी पालटली? प्रथम मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या. जिल्हा कौन्सिले जाऊन तालुक्याच्या पातळीवर स्थानिक कारभार आणण्याचा तो प्रयोग होता. कचेरी जवळ आणण्याचा तो एक प्रामाणिक यत्न होता, असे आमचे मत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. पैनगंगेकाठची ती जुनी सरहद्द एका दिवसात साधी जिल्ह्याची हद्द झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा त्याचे २६ जिल्हे होते. ग्रामीण कारभाराच्या फेरआखणीसाठी सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक. त्यांचा जन्म पुसद तालुक्यातील गहुली गावचा, म्हणजे एके काळच्या वाशीम जिल्ह्यातला. समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. जिल्हा म्हणजे केवळ वसुलीचे ठाणे नव्हे, लोकांनी निवडलेल्या माणसांचे सभागृह, ही कल्पना त्या दिवशी कायद्यात उतरली.

परंतु रिसोडची जिल्हा परिषद अकोल्यासच होती. वाट तेवढीच राहिली. पुढे राज्यात नवे जिल्हे होऊ लागले. १९८१ साली सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ साली लातूर आणि गडचिरोली. वाशीमची पाळी १ जुलै १९९८ रोजी आली. त्याच दिवशी नंदुरबारही झाला. दहा महिन्यांनी, १ मे १९९९ रोजी, पलीकडे हिंगोलीही जिल्हा झाला. वाशीम जिल्हा मोडल्यापासून परत उभा राहीपर्यंत त्र्याण्णव वर्षे गेली. तीन पिढ्या म्हणा.

जे परत आले ते मात्र जुने वाशीम नव्हे. आज जिल्ह्यात वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आहेत. पुसद यवतमाळमध्येच राहिले. १९०५ पूर्वी अमरावतीत असलेले कारंजा आपल्यात आले. रिसोड स्वतः तालुक्याचे ठाणे झाले. आणि ज्या अचलपूरचा जिल्हा वाशीमबरोबर एकाच फटक्यात मोडला गेला होता, ते अजून मागणीच करीत आहे. एकाच दिवशी हरवलेल्या दोन भावांपैकी एक घरी आला, दुसरा नाही.

आता थोडे दूर, युरोपाच्या उत्तरेस जाऊ. आपल्या प्रश्नावर तेथील अनुभव प्रकाश पाडतो. नॉर्वे हा लोकसंख्येने लहान देश आहे. सारा देश मिळून सुमारे ५५ लक्ष माणसे. त्यांच्या जिल्ह्याला ते ‘फिल्के’ म्हणतात. हा शब्द ‘लोक’ ह्या अर्थाच्या जुन्या शब्दापासून आलेला आहे. डेन्मार्कच्या राजांच्या अमदानीत तेथे ‘अम्ट’ हे नाव रूढ झाले होते. ते टाकून १९१९ पासून नॉर्वेकरांनी आपला जुना शब्द परत आणला. आमच्या जिल्ह्याच्या कुळीतले शब्द बाजू, ताबा आणि वसुली सांगतात. त्यांचा शब्द लोक सांगतो.

पण शब्द चांगला असला म्हणून सरकारचा मोह सुटतो असे नाही. २०२० साली तेथील सरकारने फिल्क्यांची संख्या घटवून ११ केली. मोठा विभाग म्हणजे स्वस्त आणि समर्थ कारभार, हा युक्तिवाद. १९०५ च्या फेरफाराशी ह्याचे साम्य चटकन दिसते. अगदी उत्तरेकडचे फिनमार्क शेजारच्या ट्रॉम्सला जोडले गेले. फिनमार्क क्षेत्रफळाने डेन्मार्क देशाहून मोठे आणि वस्ती अगदी विरळ. तेथे २०१८ साली लोकमत घेतले गेले, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी शेकडा सत्त्याऐंशी लोकांनी ह्या जोडणीला नकार दिला होता. तरीही जोडणी झाली. पुढे सरकार बदलले आणि १ जानेवारी २०२४ पासून फिनमार्क पुन्हा वेगळे झाले. इतरही काही जोडण्या सुटल्या आणि फिल्क्यांची संख्या १५ झाली. चूक दुरुस्त होण्यास त्यांना चार वर्षे लागली. आम्हांला त्र्याण्णव.

हा फरक कशाने पडला? नॉर्वेचे लोक आमच्याहून शहाणे म्हणून नव्हे. फिनमार्कच्या माणसाला आपले ‘नाही’ मोजून दाखविण्याची सोय होती. त्याचे मत देशाच्या राजधानीने एकदा डावलले, पण ते मोजले गेले होते, छापले गेले होते, म्हणून पुढच्या निवडणुकीत ते विसरता आले नाही. १९०५ साली रिसोडच्या कुळाचे मत कोणी मोजलेच नाही. जे मोजले जात नाही ते दुरुस्तही होत नाही.

शेजारच्या स्वीडनकडून दुसरी गोष्ट शिकण्याजोगी आहे. तेथे १६३४ साली राज्याचे जिल्हे पाडले गेले आणि प्रत्येकावर राजाने नेमलेला अधिकारी आला. आपल्या कलेक्टरसारखाच तो. १८६२ साली त्या अधिकाऱ्याशेजारी लोकनियुक्त जिल्हासभा बसविण्याचे ठरले. आमच्या जिल्हा परिषदा १९६२ च्या. बरोबर शंभर वर्षांचे अंतर! पण खरे अंतर वर्षांचे नाही. स्वीडनची जिल्हासभा स्वतःचा कर बसविते आणि त्यातून दवाखाने चालविते. तिच्या सभासदाला मतदार विचारू शकतो की, माझ्या पैशाचे काय केलेस? आमची जिल्हा परिषद मुख्यत्वे वरून येणाऱ्या अनुदानावर चालते. तिच्या सभासदाला विचारले तर तो मुंबईकडे बोट दाखवितो, आणि ते बोट पुष्कळदा खोटेही नसते.

म्हणून आम्ही असे म्हणतो की, जिल्हा होणे म्हणजे कचेरी जवळ येणे, कारभार जवळ येणे नव्हे. ह्याचा पुरावा दूर शोधावयास नको. वाशीम जिल्हा होऊन वीस वर्षे झाली, तेव्हा २०१८ साली, केंद्र सरकारने देशातील मागे पडलेल्या जिल्ह्यांची आकांक्षित जिल्हे म्हणून निवड केली. महाराष्ट्रातून त्यात चार नावे होती : नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशीम. चारांपैकी तीन हे १९८२ पासून पुढे नव्याने झालेले जिल्हे. ह्याचा अर्थ नवे जिल्हे करणे फुकट गेले, असा कोणी लावू नये. मागास भाग होते म्हणूनच ते वेगळे झाले. पण नवी पाटी लावल्याने शाळेत मास्तर येत नाही आणि दवाखान्यात डॉक्टर येत नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

तेव्हा, श्रोतेहो, ह्या सगळ्या इतिहासातून आम्ही एकच माप आपल्या हाती देऊ इच्छितो. राज्यात नव्या जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या मागण्या अजून चालूच आहेत. त्या ऐकताना आपण तीन प्रश्न विचारावे. काठावरच्या गावाच्या माणसाची वाट किती कमी होईल? रेघ मारताना त्याला विचारले गेले काय? आणि त्या रेघेच्या आत बसणाऱ्या सभेच्या हाती स्वतःचा पैसा आणि स्वतःचा निर्णय किती राहील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर रिसोडला १९९८ साली मिळाले. दुसऱ्याचे उत्तर निवडणुकीच्या रूपाने अर्धेमुर्धे मिळते. तिसऱ्याचे मिळावयाचे आहे.

वत्सगुल्माच्या राजाने विभागाला ‘मार्ग’ म्हटले होते. तो मार्ग राजाकडे जात होता. आज वाशीमला जाणारा रस्ता डांबरी आहे आणि एस. टी. दीड-दोन तासांत पोचविते. त्या रस्त्याने गेलेला माणूस अर्जदार म्हणून जातो की मालक म्हणून, हे अजून ठरावयाचे आहे. ते मुंबई-दिल्लीत जितके ठरेल, तितकेच ते अशा सभामंडपांत बसून प्रश्न विचारणाऱ्या तुमच्यासारख्या लोकांनी ठरवावयाचे आहे.